अर्धी गोळी

खिशातल्या गोळ्यांच्या पट्टीचा एक कोपरा मांडीला टोचत होता. चांदीच्या रंगाची, दहा फुगवट्यांची साधी पट्टी, त्यातला एकच फुगवटा फुटलेला... एकच. एक गोळी, मधोमध मोडलेली, अर्धी मुलाला, अर्धी कुत्र्याला, सारखी वाटणी – आणि आता पुढच्या सीटवर मुलगा तोंड उघडं टाकून घोरत होता, आणि मागे, उस्तादांच्या उजव्या हाताला, जाळीच्या पेटीत कुत्रा झोपला होता, आणि हे दोघं सारखेच झोपलेत की नाही हे उस्ताद गेला तासभर आलटून पालटून बघत होते.

उस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे. बत्तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली तेव्हा डेपोत पडलेलं नाव. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी चिकटलेलं. कुत्र्याचं नाव चेकर, आणि ते त्यांच्या बायकोनं ठेवलेलं. दारात येईल त्याची पिशवी हुंगल्याशिवाय हा आत सोडायचा नाही, म्हणून. 'तुमचे सगळे कंडक्टर जन्मभर ज्याला घाबरले तो मी घरात आणून ठेवलाय,' असं ती पाहुण्यांसमोर सांगायची आणि स्वतःच आधी हसायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. चेकर अकरा वर्षांचा झाला, त्याच्या हृदयात काहीतरी खरखर सुरू झाली, रोज सकाळ-संध्याकाळ एक चिमुकली पांढरी गोळी चालू झाली. आणि आज, त्या पांढऱ्या गोळीबरोबर, उस्तादांनी ही दुसरी...

गाडी सून चालवत होती. आणि सुरेख चालवत होती, हे कबूल करणं भाग होतं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागायच्या आत तिचा पाय ऍक्सिलरेटरवरून उठलेला असायचा. वळणाच्या आधी वेग पडायचा, वळण संपता संपता हळूच परत चढायचा, पेटीतल्या कुत्र्याचं डोकं इकडचं तिकडं होत नव्हतं – अहो, हे असं शिकवून येत नाही, मला जमायला सात वर्षं लागली, आणि तेव्हासुद्धा मागच्या बाकावरची माणसं खिडकीतून माना काढून ओकतच होती! हिनं कुणाकडून उचललं? कुणाकडूनच नाही. सून एका कारखान्यात पॅकिंगची मुख्य होती. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या, भिंगं, नाजूक तराजू खोक्यांत भरून लांब लांब धाडायचे, हे तिचं काम. 'वस्तू पडून फुटत नाही, बाबा, हलून फुटते,' असं ती म्हणायची, आणि गाडीही त्याच हिशेबानं चालवायची.

ही सुट्टी तिनंच काढलेली. तळ्याकाठचं एक घर, आठ दिवसांसाठी, कुत्र्याला चालणारं. ते 'चालणारं' शोधण्यातच तिचे दोन आठवडे गेले. घरमालकिणीला तिनं फोनवर विचारलेले प्रश्न उस्तादांनी शेजारच्या खोलीतून ऐकले होते: कुंपणाला खालून फट आहे का, तळ्याचं पाणी साचलेलं आहे की वाहतं, बागेत उंदरांचं औषध टाकता का... घरमालकीण बिचारी शेवटी म्हणाली असणार, बाई, तुम्ही कुत्रा आणताय की राजदूत. मग आली ही पेटी. उस्ताद तिला पिंजरा म्हणाले आणि सून म्हणाली, "पिंजरा नाही हं, त्याची खोली." आठवडाभर ती खोली बैठकीच्या कोपऱ्यात दार उघडं टाकून नुसती पडून. चेकरचं जेवण आत. दुसऱ्या आठवड्यात पेटी गाडीत, गाडी जागच्या जागी. मग इंजिन सुरू, गाडी जागच्या जागी. मग कोपऱ्यापर्यंत. मग बाजारापर्यंत. उस्ताद गॅलरीत उभे राहून बघायचे आणि हसायचे.

"माणसांना कुणी असं शिकवलं नाही गं," ते एकदा वरून ओरडले. "तिकीट काढलं की बसले!"

"म्हणूनच ओकतात," ती खालून म्हणाली.

उंटावरचे शहाणे, दुसरं काय. गॅलरीतून अक्कल शिकवायला काय जातं? पण हसता हसता कुठेतरी टोचतही होतं, आणि का टोचतंय ते उस्तादांना पुरेपूर माहीत होतं. निवृत्तीनंतर सुट्टीवर जायचा विषय निघाला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं: कुत्र्याला कुठे ठेवायचं? बसमध्ये घेत नाहीत, हॉटेलात घेत नाहीत, शेजाऱ्यांकडे तो जेवत नाही. वाक्य कसं, चहूबाजूंनी बंद. बायको रिकामा कप उचलून आत जायची. आणि ही पोरगी एका महिन्यात, एक पेटी, दोन पट्टे आणि दहा-वीस फोन एवढ्यावर ते वाक्य उचलून बाजूला ठेवते... मनातल्या मनात तिला सलाम ठोकावा की तिच्यावर रागवावं, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

चेकरच्या पोटानं आत्ता एक खोल हेलकावा घेतला आणि मग... मग काहीच नाही. उस्तादांनी जाळीतून हात आत घातला. एक क्षण, दुसरा – आणि बरगड्या परत वर आल्या. त्यांनी स्वतःचाही श्वास सोडला.

फ्रिजवर कागद लावला होता तिनं. स्वच्छ अक्षरात. निघण्याआधी चार तास खाणं नाही. हृदयाची गोळी वेळेवर. दर दोन तासांनी थांबायचं, खाली उतरवायचं ते पट्टा अडकवूनच, दार त्यानंतर उघडायचं. काच दोन बोटं उघडी, त्याहून जास्त नाही. पाणी घरचं. गाडीत एकटा सोडायचा नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही, सावलीतसुद्धा नाही. आणि शेवटी, खाली दोन रेघा ओढून: डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध नाही. उस्तादांनी वाचला होता. म्हणजे डेपोतल्या सूचना वाचायचे तसा वाचला होता. तिथे फळ्यावर रोज एक कागद लागायचा, सगळे खाली सही करायचे आणि चहाला जायचे. सूचना नवशिक्यांसाठी असतात. ज्यानं बत्तीस वर्षांत हजारो माणसांना घाट चढवून उतरवून पोचवलं, त्याला गाडी लागण्याबद्दल कुणी काय सांगणार? आमच्या कंडक्टरच्या पिशवीत तिकिटांच्या खाली गोळ्यांची पट्टी असायचीच. म्हातारी दिसली, पोरं दिसली, की अर्धी गोळी. अर्धीनं काही होत नाही. अर्धी तर अर्धी.

मुलाला लहानपणापासून गाडी लागते. बस ड्रायव्हरचा मुलगा, आणि सायकल-रिक्षातसुद्धा पिवळा पडायचा! डेपोभर थट्टा. आता चाळिशीला आला तरी प्रवासाच्या सकाळी बाप हातावर अर्धी गोळी ठेवतो आणि चिरंजीव ती निमूट गिळतात. आजही तेच झालं. सून खाली सामान भरत होती. मुलानं अर्धी घेतली. दुसरी अर्धी उस्तादांच्या तळहातावर राहिली, आणि पायाशी चेकर उभा होता, वर बघत... मागच्या रविवारी लांबच्या सरावात त्याच्या तोंडातून लाळेची तार लागली होती, अंग थरथरत होतं. हात आपोआप गेला.

खोटं. आपोआप काही जात नाही. आधी मी पावाचा तुकडा घेतला. मग गोळी त्यात दाबली. मग दाराकडे बघितलं, कुणी येतंय का. दाराकडे बघणाऱ्या माणसाला आपण काय करतोय ते चांगलं कळत असतं.

आणि का केलं? त्याला त्रास होऊ नये म्हणून. हो, म्हणूनच. पण एवढ्या मोठ्या तयारीत माझं म्हणून काहीच नव्हतं, हेही होतंच की. पेटी तिची, कागद तिचा, वाट तिनं आखलेली, थांबे तिचे. मला फक्त बसायचं होतं. मागच्या सीटवर, पिशव्यांच्या बाजूला. एक छोटीशी अर्धी गोळी तरी माझी असावी की नाही? किंवा त्याहूनही खाली, तळाशी, काहीतरी... प्रवास फसावा असं तर मला वाटत नव्हतं ना? कुत्र्याला सोसलं नाही, बघा, मी म्हणतच होतो... उस्तादांनी हा विचार तिथेच थांबवला. त्याच्यावर जास्त वेळ बसवत नव्हतं.

तासापूर्वी पहिला थांबा झाला. पेट्रोल पंपाच्या मागच्या झाडाखाली, तिनं आधीच नकाशावर बघून ठेवलेला. सुनेनं आधी पट्टा अडकवला, पट्टा मनगटाला गुंडाळला, मग पेटीचं दार उघडलं. चेकर उठलाच नाही. डोळे अर्धवट उघडले, शेपूट एकदा हलवलं आणि परत मान टाकली.

"आज फारच शांत आहे," ती म्हणाली. तिनं वाकून त्याच्या कानामागे हात फिरवला. "असं कसं?"

"सवय लागली त्याला," उस्ताद म्हणाले. "तुझी महिन्याची मेहनत."

ती हसली. केवढी खूश झाली! ते हसू बघून उस्तादांना वाटलं, आत्ता सांगावं. आत्ताच. पण हसणाऱ्या माणसाला कसं सांगायचं... आणि मग दारं लागली, पट्टे लागले, तिनं आरसा नीट केला, आणि ती वेळ गेली.

तेव्हापासून ते मोजत होते. चिरंजीव ऐंशी किलो. चेकर अकरा; पेटी घेण्याआधी तिनं त्याला उचलून काट्यावर उभी राहून वजन केलं होतं. ऐंशीला अर्धी आणि अकराला अर्धी. पोरांना सारखी वाटणी करायची बापाची सवय, ती इथे... एवढा साधा हिशेब सकाळी सहा वाजता सुचू नये? आणि शिवाय हृदय. त्या पांढऱ्या गोळीचं आणि या गोळीचं आत काय जमत असेल, देव जाणे.

सांगायला हवं. पण न सांगण्याला एक कारण होतं. ते जुनं होतं. एकदा पहाटेच्या गाडीला डेपोतला मेकॅनिक धावत आला होता, गाडी फाटकातून निघता निघता. मागच्या चाकाचे दोन नट आवळायचे राहिले म्हणाला. स्वतःहून आला, स्वतःहून म्हणाला. आणि मी सगळ्या डेपोसमोर, प्रवाशांसमोर, त्याला असा काही सोलून काढला... त्याच्या सात पिढ्या. लोक वाहवा म्हणाले. उस्ताद म्हणजे उस्ताद. त्या दिवसानंतर कुणीही आपण होऊन मला काही सांगायला आलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, बघा, आता कसं सगळं चोख चालतंय.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण या मुठीत श्वास घेणारा जीव होता. बायकोचा लाडका जीव. तिच्या शेवटच्या महिन्यात तिच्या पायाशी वेटोळं करून पडलेला, तिला न्यायला आले तेव्हा त्या परक्या माणसांच्या पिशव्याही न हुंगता भिंतीला चिकटून बसलेला. चेकरची जीभ आता दातांच्या बाहेर आली होती, थोडीशी, आणि तो ती आत घेत नव्हता.

"सूनबाई," ते म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. परत म्हणाले, "अगं, गाडी बाजूला घे."

"काय झालं, बाबा? बरं वाटत नाहीये का?"

"मला काही झालं नाही. चेकरला मी गोळी दिलीय."

उस्तादांनी अंग आवळून धरलं. आता कचकन ब्रेक लागणार, पेटी पुढे आदळणार... काही झालं नाही. तिनं आरशात बघितलं. मागून येणारी बस पुढे जाऊ दिली. दिवा लावला, वेग उतरवत नेला, आणि गाडी रस्त्याकडेच्या खडीवर अशी थांबली की पुढच्या सीटवरचं घोरणंसुद्धा मोडलं नाही. मग ती पूर्ण वळून बसली.

"कुठली गोळी?"

"गाडी लागायची. याला दिली तीच."

"किती?"

"अर्धी."

"किती वाजता?"

"सहाला. सहाला पाच कमी असतील."

"पट्टी आहे?"

त्यांनी काढून दिली. का दिलीत, हा प्रश्न येईल म्हणून ते थांबले. तो आलाच नाही. ती पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचत होती, ओठ हलत होते, दुसऱ्या हातानं फोन लावत होती. चेहरा पांढरा पडला होता तिचा. घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. पण हात कापत नव्हते. काय बाई आहे ही! उस्तादांच्या मनात आलं, अशा वेळी, अशा भलत्या वेळी, की बत्तीस वर्षांत असा एक माणूस शेजारी मिळाला असता तर मी बसनं समुद्रसुद्धा ओलांडला असता.

फोनवर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरीण बाई होत्या. सुनेनं औषधाचं नाव, वजन, वेळ, हृदयाची गोळी किती वाजता दिली, सगळं चार वाक्यांत सांगितलं. 'आमच्या बाबांनी' वगैरे काही नाही. 'चुकून दिली गेलीय,' एवढंच.

"उलटी करवायचा प्रयत्न अजिबात करू नका," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "गुंगीत आहे, श्वासात जाईल. हिरड्या बघा."

"बाबा, त्याचा ओठ वर करा. हिरडीवर बोट दाबा. सोडा. परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो?"

"एक... दीड."

"आता श्वास मोजा, मिनिटभर. मी घड्याळ बघते."

त्यांनी मोजले. तळहाताखाली ते छोटंसं वर-खाली, कुठे घाई, कुठे अडखळ. "छत्तीस."

"झोपेत छत्तीस जास्त आहेत," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "ठोके कुणीतरी ऐकायला हवेत. जवळ कुठे दवाखाना आहे का?"

"आहे. अठरा किलोमीटरवर, पुढच्या गावात. परवा फोन करून विचारलंय, रविवारी दुपारपर्यंत असतात."

परवा विचारलंय! वाटेवरचे जनावरांचे दवाखाने तिनं आधी शोधून, फोन करून, कुठला कधी उघडा हे लिहून ठेवलं होतं. त्या कागदाच्या मागच्या बाजूला असणार. मागची बाजू मी उलटून बघितलीच नव्हती.

चिरंजीव तेवढ्यात जागे झाले. "आलं का?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले. मग सुनेनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं.

"बाबा, तुम्ही पण ना–"

"आत्ता नको," ती म्हणाली. "तू दवाखान्यात फोन लाव, अर्ध्या तासाच्या आत येतो म्हणून सांग. बाबा, हात त्याच्यावरच राहू दे. दर दोन मिनिटांनी मला आकडा सांगा."

उस्तादांना वाटलं, आता ही गाडी पळवणार. मी पळवली असती. हॉर्नवर हात ठेवून, शंभरच्या वर, देवाचं नाव घेत. ती मघाच्याच वेगानं निघाली. काटा जरासुद्धा इकडेतिकडे नाही. आधी त्यांचा जीव टांगणीला लागला, अगं चल ना, असं ओठांवर आलं, मग कळलं. धडपडत नेलेलं काय उपयोगाचं, तिथे पोचेपर्यंत त्याचं हृदय आणखी फडफडलं असतं. त्यांनी तोंड मिटलं आणि मोजू लागले.

"चौतीस."

"हं."

"चौतीसच."

"हं."

शेतं गेली, एक पूल गेला, एक बंद पडलेली गिरणी गेली. रस्त्यावर एवढं लक्ष नसलेला प्रवास उस्तादांनी आयुष्यात केला नव्हता. "छत्तीस," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

दवाखाना म्हणजे एका दुकानाच्या बाजूच्या दोन खोल्या. डॉक्टर वयस्क, जाड चष्म्याचा, हळू बोलणारा. त्यानं नळी लावून बराच वेळ ऐकलं. एकदा परत ऐकलं. ठोके चुकताहेत म्हणाला, अधूनमधून. सलाईन लावतो, दुपारपर्यंत इथेच ठेवू या. रंग चांगला आहे. वेळेवर आणलंत. बाकी आत्ता काही सांगता येत नाही, वय झालंय, हृदय मुळात दमलेलं. मग त्यानं दार लावून घेतलं.

मुलगा घरमालकिणीला फोन करायला बाहेर गेला. सासरा आणि सून लाकडी बाकावर बसून राहिले. समोर भिंतीवर गाईचं चित्र होतं, तिच्या पोटातले भाग वेगवेगळ्या रंगांत दाखवलेले.

"ओरड की मला," थोड्या वेळानं उस्ताद म्हणाले.

"ओरडणार आहे," ती म्हणाली. "चेकर बाहेर आला की. आत्ता अंगात बळ नाही."

"मी असतो तर..."

"आमच्याकडे, बाबा, फुटलेला माल लपवला तर नोकरी जाते. फुटला म्हणून येऊन सांगितलं तर नाही. नाहीतर सांगेल कोण?" तिनं डोळे मिटून डोकं भिंतीला टेकलं. "तुम्ही सांगितलंत. उशिरा, पण सांगितलंत. संध्याकाळी हृदयाची गोळी डॉक्टर द्या म्हणाले तर तुम्हीच द्यायची, माझ्यासमोर. भीती बसायला नको."

उस्तादांना तिच्याकडे बघवेना. डेपोतला तो मेकॅनिक आता कुठे असेल? जिवंत तरी असेल का? ही पोरगी मला उद्याही कामावर ठेवतेय. असं ठेवता येतं, हे मला सत्तरीला येता येता कळावं, तेही जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर. आणि बोलायला लागलं की माणूस थांबत नाही, एक नट निघाला की दुसराही सैल होतो, तसं त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"कुत्र्याचं निमित्त होतं गं. तुझ्या सासूला मी कुठे नेलं नाही, त्याला कुत्रा कारण नव्हता. मलाच जायचं नव्हतं. लोकांना तळ्याकाठी, डोंगरावर उतरवायचं आणि रिकामी गाडी परत आणायची, एवढंच मला येत होतं. उतरल्यावर काय करतात ते कुठे माहीत होतं? दिवसभर नुसतं बसायचं, हिच्यासमोर, हातात काही नाही... भीती वाटायची. म्हणून कुत्रा पुढे केला. आणि आज त्यालाच..."

  सुनेनं डोळे उघडले.

"आईंना माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"हेच. मला म्हणायच्या, यांना जायचं नसतं आणि चेकरच्या नावावर खपवतात. खपवू देत, म्हणायच्या. त्या बिचाऱ्याला कुठे बोलता येतंय." ती ओलसर हसली. "तुमची नक्कल करून दाखवायच्या. बसमध्ये घेत नाहीत, हॉटेलात घेत नाहीत... अगदी तुमच्या आवाजात."

आधी राग आला. सणकून आला. सात वर्षं आपण एवढं मजबूत वाक्य बांधून बसलो आणि आतल्या खोलीत सासू-सुना त्याची नक्कल करून हसत होत्या! मग तो राग बसायला जागा शोधत राहिला आणि त्याला ती मिळेना, कारण त्याच वेळी बायकोचा तो नक्कल करतानाचा चेहरा, भुवया वर, हनुवटी आत, इतका स्वच्छ समोर आला की उस्तादांना हसू फुटलं.

"माहीत होतं," ते म्हणाले, "तर मग दर उन्हाळ्यात विचारायची कशाला? दर वर्षी. यंदा जायचं का कुठे? चहा पुढे ठेवून, अगदी पहिल्यांदाच विचारतेय अशी. सात वर्षं. उत्तर माहीत होतं ना तिला?"

 बंद दाराआड काहीतरी भांडं वाजलं, दोघांनीही तिकडे बघितलं, दार उघडलं नाही.

"एखाद्या वर्षी तुम्ही हो म्हणाल म्हणून," ती म्हणाली.

 सात उन्हाळे, सात कप, आणि प्रत्येक वेळी बायको सगळं जाणून परत विचारायला आलेली – मी दिलेलं खोटं उत्तर दर वर्षी घेऊन जायची, जपून ठेवायची, आणि पुढच्या वर्षी कोरी होऊन परत यायची. एवढा धीर कुणाकडे असतो? आणि मी तिला साधी समजत होतो, भोळी समजत होतो! दाराआड आता काहीच आवाज नव्हता. चांगलं असेल, वाईट असेल, कळायला मार्ग नव्हता, आणि तरी आपण इथून कुठे निघून जावं असं त्यांना वाटत नव्हतं, दुपारपर्यंत बसावं लागलं तरी, रात्रीपर्यंत लागलं तरी, हातात काही नसताना. ते तसेच बसून राहिले. आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, अगदी हळू, शेजारी बसलेल्या सुनेलाही ऐकू आलं की नाही कोण जाणे, ते म्हणाले,

"हो."